सदनिका बारा, बोजा: एक मेहुणा

"दोन सह्या आणि एक शिक्का," काडीकाका काकूंना म्हणाले होते. "आठवड्याभरात मोकळे."

माणूस जे वाक्य छाती पुढे काढून बोलतो, तेच कुणीतरी नेमकं लक्षात ठेवतं. इथे काकूंनी ठेवलं.

काडीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सगळं सुरळीत चाललंय म्हटलं की त्यांचा हात शिवशिवायचा. मग एक काडी टाकायची आणि बाजूला उभं राहून गंमत बघायची, हा धंदा. इमारत नवी होती तेव्हा त्यांनी फलकावर एक सूचना लावली होती: 'उद्या पाणी येणार आहे. कृपया घाबरून जाऊ नये.' आता पाणी तर रोजच यायचं. पण 'घाबरून जाऊ नये' म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करणार? दोन घरांनी सामान बांधलं. सेक्रेटरींच्या आई उशी, औषधं आणि बिस्किटांचा डबा घेऊन जिन्याने गच्चीवर गेल्या, त्या तिसऱ्या दिवशी उतरल्या. सेक्रेटरींनी फक्त ती सूचना काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

तर घर विकायचं होतं ते काकूंच्या गुडघ्यांपायी. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही. तीन महिन्यांत काकू दोनदाच खाली उतरल्या होत्या, दोन्ही वेळा डॉक्टरकडे. वर येताना दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई जिन्यात खुर्ची आणून ठेवायच्या. काकू तिच्यावर टेकायच्या आणि वरच्या छत्तीस पायऱ्यांकडे असं बघायच्या, जसं एखाद्याने आपल्याच घराकडे बघू नये. मग शोधाशोध करून तळमजल्यावरचं एक घर सापडलं. दाराला एकच पायरी. काकू ते घर प्रत्यक्ष बघायला गेल्याच नाहीत. त्यांनी फोटोतली ती पायरीच तेवढी बोटांनी मोठी करून बघितली आणि म्हणाल्या, "घ्या." घरमालक तीस तारखेपर्यंत थांबायला तयार होता. त्याच्याकडे इतर गिऱ्हाइकांची रांग होती. इकडचं घर घ्यायला एक दातांचा डॉक्टर तयार होता. सभ्य माणूस. बोलताना डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचा, तेवढं सोडलं तर खोट काढायला जागा नव्हती.

राहिलं काय? सोसायटीचा दाखला. घरावर कोणाचा बोजा नाही, असा. त्याशिवाय डॉक्टरची बँक हलणार नव्हती.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. उंच माणसाला उजवीकडून शिरावं लागतं. आत एक लोखंडी कपाट, एक टेबल, सुतळीने बांधलेलं पेन आणि सेक्रेटरी. सेक्रेटरींची नोकरी जुने कागद सांभाळण्याच्या खात्यात गेली होती. निवृत्त झाले ते नुसते पगारापुरते.

"दाखला देता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"बोजा आहे."

"अहो, बँकेचं कर्ज कधीच फिटलं. तुम्हालाच कागद आणून दिला होता."

"तो उतरवला. हा दुसरा."

सेक्रेटरींनी कपाटातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं, गाठ सोडली, पान उघडलं आणि लाल शाईतली नोंद वाचून दाखवली. आवाज बातम्या सांगणाऱ्याचा.

"सदनिका क्रमांक बारा. बोज्याचे स्वरूप: मेहुणा. परिमाण: पंच्याऐंशी किलो, उपाशीपोटी. मुदत: देवाला ठाऊक."

काडीकाका हसले. मोठ्याने हसले. खोलीत हसणारे ते एकटेच आहेत हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

त्याचं असं झालं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी सोसायटीने घरोघरी फॉर्म वाटले होते. त्यात चौदावा रकाना: 'सदनिकेवर बोजा असल्यास तपशील.' त्या वेळी काकूंचा धाकटा भाऊ पंधरा दिवसांसाठी म्हणून आला होता आणि त्या पंधरा दिवसांचा नववा महिना चालू होता. दाराच्या आतल्या बाजूला गादी टाकून झोपायचा आणि पहाटे उठून परीक्षेचं पाठांतर मोठ्याने करायचा. तसा फॉर्म, तसा रकाना आणि तसा मेहुणा एकाच घरात आल्यावर काडीकाकांसारख्या माणसाने हात आवरावा तरी कसा?

"अहो साहेब, ती थट्टा होती!"

"फॉर्मात थट्टेला रकाना नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग खोडून टाका."

"खोडता येत नाही. दर वर्षी तपासणी झालेली आहे." खरंच, नोंदीसमोर हिरव्या शाईच्या खुणा ओळीने उभ्या होत्या. इतके तपासनीस येऊन गेले, एकालाही मेहुण्यात काही वावगं दिसलं नव्हतं. "बोजा उतरवायचा तर बोजाधारकाची लेखी संमती लागते. नमुना सहा."

"बोजाधारक कोण?"

"मेहुणा."

"आणि बोजा?"

"मेहुणा."

"म्हणजे त्याचा बोजा त्याच्याच नावावर?"

सेक्रेटरींनी विचार केला. "असामान्य आहे," ते म्हणाले. "पण नियमात बसतं."

आता कुणी म्हणेल, मेहुणा काही परदेशात नव्हता. बोलवावं, सही घ्यावी, चहा पाजून परत पाठवावं. पण मेहुणा आता वजनमापे निरीक्षक झाला होता. दुकानात तराजू उचलून बघायचा आणि घरी आला तरी साखरेचा डबा तसाच उचलून बघायचा. थट्टा हा पदार्थ त्याच्या खात्यात मोजला जात नव्हता. शिवाय आई गेल्यावर त्याला काकूंनी वाढवलेलं. त्याला सांगायचं म्हणजे काकूंना कळणार. आणि काकूंना कळलं तर दोन सह्या आणि एक शिक्का राहिला बाजूला, काडीकाकांना स्वतःसाठीच वेगळं घर बघावं लागलं असतं.

म्हणून त्यांनी गुपचूप सल्ला घ्यायचं ठरवलं. गुपचूप म्हणजे संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांना कळलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने सहानुभूतीने विचारलं, "मेहुणे हयात आहेत का?"

"ठणठणीत आहे."

"अरेरे," एजंट म्हणाला. "नाही, म्हणजे नसते तर सोपं गेलं असतं. एक दाखला जोडला की काम झालं."

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चूक कोणाची? तुमची. मग फोन उचला, माफी मागा. दोन मिनिटांचं काम आहे." हा सल्ला काडीकाकांना सगळ्यात अव्यवहार्य वाटला.

पटला तो वकीलबाईंचा. वकीलबाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'तत्त्वतः' म्हणायच्या, म्हणजे उद्या काही बिघडलं तर त्या मोकळ्या.

"वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. चौदा दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर बोजा सोडून दिला असं धरता येतं. तत्त्वतः."

"आणि त्याने वाचली तर?"

"जाहीर नोटिसा कोणी वाचत नाही हो. म्हणून तर त्या जाहीर करतात."

चौदा तारखेला सातव्या पानावर, एका हरवलेल्या पदवी प्रमाणपत्राच्या आणि जुन्या फ्रिजच्या विक्रीच्या मधोमध नोटीस आली. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की, सदनिका क्रमांक बारा, चौथा मजला, या मिळकतीवर मेहुणा (पंच्याऐंशी किलो) या स्वरूपाचा बोजा नोंदलेला आहे. सदर बोजा कोणी आपला म्हणत असल्यास पुराव्यासह चौदा दिवसांत हजर राहावे. अन्यथा तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल.' पुढे सोसायटीचा पूर्ण पत्ता. वकीलबाई कामात चोख होत्या.

काडीकाका रोज सकाळी एक दिवस खोडायचे. काकू विचारायच्या, "झाल्या का हो दोन सह्या?" काका म्हणायचे, "शिक्क्याचं बघतोय." बारा दिवस गेले, तशी त्यांना शीळ घालायची हिंमत आली.

पण जाहीर नोटिसा वाचणारा एक माणूस जगात होता. छापील मजकुरात जिथे आकडा आणि किलो जवळजवळ येतात तिथे त्याची नजर आपोआप थांबायची. धंद्याची सवय. तेराव्या दिवशी, रविवारी दुपारी, दारावरची बेल वाजली. बहात्तर पायऱ्या चढून आलेला, पण दम न लागलेला मेहुणा दारात उभा. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात कात्रण, कात्रणावर लाल पेन्सिलीची रेघ.

"ताई, मी हरकत घ्यायला आलोय," तो म्हणाला.

"ये रे, आधी बस तरी," काकू खूश होऊन म्हणाल्या. "कसली हरकत?"

"मी पाणी आणतो," काका म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. पाणी आणायला त्यांना अंमळ जास्तच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा कात्रण काकूंच्या हातात होतं.

"अहो, हे काय आहे?"

अशा वेळी टाकायला काकांकडे एक काडी नेहमी तयार असायची. या वेळी खिसा चाचपला तर पेटीच रिकामी. "तो एक फॉर्म होता," ते म्हणाले. "जुना. त्यात एक रकाना होता..."

"माझ्या भावाला बोजा लिहिलंत."

"गंमत म्हणून गं."

"सगळ्या सोसायटीच्या वहीत. एकोणीस वर्षं. मी जिन्यात सगळ्यांशी बोलते, हसते, आणि सगळ्यांना माहीत."

"फक्त तपासनिसांना," काका म्हणाले. हे बोलायची काही गरज नव्हती.

रागावलेल्या माणसाने ताडकन उठून आतल्या खोलीत निघून जायचं असतं. काकूंनी प्रयत्न केला. पण त्या गुडघ्यांनी ताडकन उठता येत नाही. खुर्चीच्या हातावर भार देत, थांबत, पुन्हा जोर करत अर्ध्या उठल्या, तोपर्यंत रागाची वेळ निघून गेली आणि नुसतं दुखणं उरलं. काकांनी हात पुढे केला. तो न धरता त्या परत खाली बसल्या. काकांच्या मनाला कात्रणापेक्षा ते जास्त लागलं.

"ताई, थांब," मेहुणा म्हणाला. "माझी हरकत बोजा या शब्दाला नाही."

"मग कशाला?"

"पंच्याऐंशीला." त्याने फाईल उघडली. आत वजनाच्या यंत्रातून पडतात ती पुठ्ठ्याची तिकिटं, महिन्यांप्रमाणे चिकटवलेली. "परीक्षेला वजनाची अट होती, म्हणून मी दर महिन्याला करायचो. या घरात आलो तेव्हा अठ्ठावन्न किलो. गेलो तेव्हा एकाहत्तर. पंच्याऐंशी मी जन्मात कधी नव्हतो. नोंद खोटी आहे, भावोजी. खोट्या वजनावर मी सही करत नाही. मला पगारच त्याचा मिळतो."

"अरे, पण बोजा म्हणाले त्याचं तुला काहीच नाही?" काकूंनी विचारलं.

"होतोच की मी. पंधरा दिवस सांगून सोळा महिने राहिलो. दारातच झोपायचो. भावोजी सकाळी कामाला जाताना मला ओलांडून जायचे, चपला हातात घेऊन. एकदाही पाय लागू दिला नाही त्यांनी." त्याने फाईल बंद केली. "वरचे तेरा किलो या घरातले आहेत, ताई. बोजा नाही तर काय म्हणायचं त्याला?"

काडीकाका भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले आणि अगदी बरोबर चाललेलं घड्याळ बराच वेळ नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा आणि सेक्रेटरी जिन्याखालच्या खोलीत समोरासमोर बसले. एका नियमाच्या माणसाला दुसरा नियमाचा माणूस भेटला की काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना कळेल. दोघं जणू शाळेतले मित्र. 'आधी दुरुस्ती, मग संमती', 'बरोबर, अन्यथा चुकीची नोंद उतरली असं होईल', 'आणि उतरलेली चूक दुरुस्त करता येत नाही', 'अर्थातच'. काका मधे स्टुलावर बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते.

"फक्त एक अडचण आहे," सेक्रेटरी म्हणाले. "दुरुस्तीला कमिटीची बैठक लागते. सात दिवसांची सूचना द्यावी लागते."

तारीख होती अठ्ठावीस. काकांचा चेहरा पडला. एक पायरीचं घर त्यांना डोळ्यांसमोरून चालत जाताना दिसलं.

"तातडीची बैठक?" मेहुण्याने विचारलं.

"जिवाला धोका असेल तरच."

"आहे."

"कोणाच्या?"

मेहुण्याने काकांकडे बोट दाखवलं. "यांना जेवायला वर जायचंय. ताई वर आहे."

सेक्रेटरींनी पेनाची सुतळी ओढली आणि लिहून घेतलं.

बैठक दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात भरली, कारण काकूंनी निरोप पाठवला, 'माझ्या भावाचं वजन माझ्यासमोर ठरेल.' चौथ्यावरून दुसऱ्यावर यायला त्यांना वीस मिनिटं लागली. मग त्या वकीलबाईंच्या खुर्चीवर बसल्या आणि बाकीची कमिटी पायऱ्यांवर. वजन कोणतं धरायचं यावर पाऊण तास चर्चा झाली. येतानाचं की जातानाचं? विमा एजंट म्हणाला, सरासरी काढा. वकीलबाई म्हणाल्या, सरासरी माणूस कोर्टात टिकत नाही, तत्त्वतः. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आकडा अक्षरी लिहा, म्हणजे पुन्हा कोणी उपद्व्याप करणार नाही," आणि काकांकडे बघितलं. शेवटी फॉर्मवर जी तारीख होती, त्या महिन्याचं तिकीट निघालं: चौसष्ट किलो पाचशे ग्रॅम. एकमताने मंजूर.

सेक्रेटरींनी दुरुस्ती लिहून रजिस्टर पुढे सरकवलं. "सही करा."

मेहुण्याने पुन्हा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"अजून एक चूक आहे."

काकांनी कपाळाला हात लावला.

"उपाशीपोटी," मेहुणा म्हणाला. "हेही काढा. या घरात मी एकही दिवस उपाशी नव्हतो."

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "लिहा, सेक्रेटरी. तो म्हणतो तसं लिहा." आणि मग, काकांकडे न बघता, "बसा तुम्हीही. किती वेळ उभे आहात." काकांना हा शिक्क्याहून मोठा दाखला वाटला.

सही झाली. शिक्का बसला. सगळे पांगल्यावर रजिस्टर खाली न्यायला काका सेक्रेटरींबरोबर गेले.

"एक विचारू, साहेब? खरं सांगा. ती थट्टा आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच," सेक्रेटरी रजिस्टरला कापड गुंडाळत म्हणाले.

"मग नोंद केलीत कशाला?"

सेक्रेटरींनी शांतपणे गाठ मारली. मग कपाटाच्या आतून एक पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला. उद्या पाणी येणार आहे. कृपया घाबरून जाऊ नये.

"आई तीन दिवस गच्चीवर होती," ते म्हणाले. "घाई नव्हती मला."

काडीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी मनापासून नमस्कार केला.

तीस तारखेला सकाळी सामान गेलं आणि सगळ्यात शेवटी काकू राहिल्या. बहात्तर पायऱ्या उतरायची ताकद परवाच्या बैठकीत संपली होती. मेहुणा आला, वकीलबाईंची खुर्ची वर आली. पुढून भावोजी, मागून भाऊ, मध्ये खुर्चीत काकू, मांडीवर घड्याळ.

"पंधरा दिवसांसाठी म्हणून आला," काका तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत म्हणाले, "आणि बघ, कामाला आला."

"भावोजी, तुमच्या बाजूला कमी भार येतोय. नीट उचला."

"अरे, ही जड झालीये."

"किती रे?" काकूंनी मान मागे वळवून विचारलं. "नाही, नकोच सांगू. तू खरं सांगशील."

खाली सेक्रेटरी दारात उभे होते. खुर्ची जमिनीला टेकली तसं त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "बोजा उतरला," ते म्हणाले. या वेळी मात्र त्यांच्या ओठाचा एक कोपरा नियम सोडून जरासा हलला.

नवीन घराची ती एक पायरी काकूंनी कोणाचा हात न धरता चढली. मग उतरली. मग पुन्हा चढली. शेजाऱ्यांना वाटलं काही विसरलं असावं.

संध्याकाळी नव्या सोसायटीची सेक्रेटरी फॉर्म घेऊन आली. चटपटीत बाई, कानामागे पेन. काकांनी सवयीने हात पुढे केला. चौदाव्या रकान्यापाशी नजर गेली आणि बोटं शिवशिवली. किती दिवसांनी.

"इकडे द्या," काकू म्हणाल्या. "घर माझ्या नावावर आहे."

त्यांनी चष्मा लावला, सगळा फॉर्म सावकाश भरला. 'बोजा असल्यास तपशील' इथे थांबल्या. काकांकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, मेहुण्याला जवळ बोलावून कानात काहीतरी विचारलं, मेहुण्याने काकांकडे डोळे बारीक करून बघत कानातच उत्तर दिलं, आणि काकूंनी लिहिलं. चांगल्या दोन ओळी. सही केली. नव्या सेक्रेटरीने वाचलं, हसली नाही, फॉर्म फाईलला लावला आणि गेली.

काडीकाकांना तीन वेळा पाणी प्यावं लागलं.

"काय लिहिलंस गं?"

काकू दाराशी खुर्ची ओढून, पाय त्या एका पायरीवर सोडून बसल्या होत्या.

"घर विकायला काढाल," त्या म्हणाल्या, "तेव्हा कळेल."